इरावतीबाईंचे दोन गाईड

एम.ए.चं पहिलं वर्ष संपत आलं की वर्गात तीन प्रश्न फिरायला लागतात. नेट कधी देणार, सेट कधी देणार, आणि गाईड कोण? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं अभ्यास करून मिळतात. तिसऱ्याचं तसं नाही. युजीसीच्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच पीएच.डी.चे विद्यार्थी घेता येतात. मराठीसारखा विषय आणि गोव्यासारखं छोटं राज्य म्हटल्यावर मान्यता असलेले मार्गदर्शक मुळातच थोडे. त्यामुळे योग्य गाईड कोण, हा प्रश्न हळूहळू बाजूला पडतो आणि जागा कुणाकडे रिकामी आहे, एवढाच प्रश्न उरतो. मग जागा जिथे असेल तिथे आपला विषय वाकवून बसवायचा.

मंडळाच्या या अंकासाठी एखाद्या मोठ्या व्यक्तीचं चरित्र लिहायचं ठरलं, तेव्हा माझ्या डोक्यात हेच चाललं होतं. म्हणून मी इरावती कर्वे यांची निवड केली. आपल्यापैकी बहुतेकांना त्या ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून माहीत आहेत. महाभारतातल्या माणसांकडे माणसं म्हणून बघणारं ते पुस्तक १९६७ साली आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण त्यांचा पेशा संशोधनाचा होता. विद्यार्थिनी असताना त्यांना दोन गाईड लाभले. एक मालवणचे, दुसरे जर्मनीतले. या दोघांकडून त्या काय शिकल्या आणि काय नाकारून बाहेर पडल्या, ती गोष्ट मला सांगायची आहे.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातला. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. पाच भावांत ही एकटी बहीण. सात वर्षांची झाल्यावर तिला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेच्या शाळेत पाठवलं. तिथे शकुंतला परांजपे या मुलीशी मैत्री झाली आणि त्या मैत्रीने तिचं आयुष्यच बदललं. शकुंतलाचे वडील म्हणजे रँग्लर र. पु. परांजपे, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. या कुटुंबाने इरावतीला आपल्या घरी ठेवून घेतलं. पुस्तकांनी भरलेलं घर, देवधर्म न मानणारा पण शिस्तीचा घरमालक आणि जेवणाच्या टेबलावर कुठल्याही विषयावर मोकळं बोलणं. संशोधक होण्याची पूर्वतयारी म्हणायची तर ती इथेच झाली.

फर्ग्युसनमधून १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन त्या बी.ए. झाल्या. दक्षिणा फेलोशिप मिळाली आणि त्या मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात दाखल झाल्या. विभागप्रमुख होते डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये. हे त्यांचे पहिले गाईड.

घुर्ये १८९३ साली मालवणात जन्मले. पेडण्याहून तेरेखोल ओलांडून सिंधुदुर्गात शिरलं की ज्या किनाऱ्याला आपण लागतो, तिथलेच. ते मुळात संस्कृतचे विद्यार्थी. पॅट्रिक गेडिस यांनी मुंबईत १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू केला आणि त्यांच्याच शिफारशीने घुर्ये इंग्लंडला गेले. तिथे त्यांची स्वतःचीच गाईडची शोधाशोध झाली. आधी ते लंडनला हॉबहाउस यांच्याकडे गेले. तिथे मन रमलं नाही म्हणून केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे आले. रिव्हर्स यांच्यावर त्यांची श्रद्धा बसली, पण जून १९२२ मध्ये रिव्हर्स अचानक वारले. अर्ध्यावर राहिलेलं काम मग ए. सी. हॅडन यांच्या देखरेखीखाली पुरं झालं. म्हणजे एका पदवीसाठी तीन उंबरठे झिजवावे लागले. गाईड बदलावा लागला म्हणजे सगळं संपलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे नीट लक्षात ठेवावं. ज्यांना भारतीय समाजशास्त्राचे जनक म्हणतात, त्यांच्याच नशिबी हे आलं होतं.

घुर्ये १९२४ साली मुंबईत परतले आणि विभाग त्यांच्या हाती आला. विद्यार्थ्याला विषय देताना ते बरेचदा त्याच्याच जातीचा, त्याच्याच मुलखाचा विषय देत. भाषा येते, माणसं ओळखीची असतात, घरात शिरता येतं, हा त्यात सोयीचा भाग. इरावतीबाईंचा एम.ए.चा प्रबंध चित्पावन ब्राह्मणांवर होता, म्हणजे त्यांच्या स्वतःच्याच जातीवर. १९२८ साली तो पुरा झाला. चित्पावनांचं मूळ सांगणारी परशुरामाची कथा आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत असते. समुद्र मागे हटवून कोकण काढणारा तो परशुराम. या कथेचाही त्यांनी पुढे वेगळा अभ्यास केला. आपल्या घरात जे श्रद्धेने सांगितलं जातं, तेच पुरावा म्हणून टेबलावर ठेवायचं आणि बाहेरच्या माणसासारखं त्याकडे बघायचं, ही सवय त्यांना घुर्यांच्या विभागात लागली. ग्रंथातला पुरावा आणि प्रत्यक्ष माणसांकडून मिळणारी माहिती एकमेकांशेजारी ठेवून तपासायची, ही घुर्यांची पद्धत. ती इरावतीबाईंनी शेवटपर्यंत सोडली नाही.

याच काळात त्यांचं लग्न झालं. नवरा दिनकर धोंडो कर्वे, फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. दिनकर स्वतः जर्मनीत शिकून आलेले. आपल्या बायकोने पुढे शिकावं, डॉक्टरेट करावी, आणि तीही जर्मनीत, असं त्यांना मनापासून वाटत होतं. विरोध आला तो भलत्याच ठिकाणाहून. ज्या अण्णांनी १८९३ साली विधवेशी लग्न करून समाजाचा रोष ओढवून घेतला आणि ज्यांनी बायकांसाठी विद्यापीठ काढलं, त्याच अण्णांना सुनेने परदेशी जाऊन डॉक्टरेट करावी हे पटेना. नवराबायकोने त्यांचं ऐकलं नाही. डॉ. जीवराज मेहता यांनी कर्जाऊ पैसे दिले आणि १९२८ च्या अखेरीस इरावतीबाई बोटीत बसल्या.

त्यांना बर्लिनच का जावंसं वाटलं? हाडं, कवट्या, रक्त, शरीराची मोजमापं यांवरून माणसांच्या समूहांचा इतिहास शोधणारं शास्त्र तेव्हा जोरात होतं आणि बर्लिन त्याचं मोठं केंद्र होतं. १९२७ सालीच तिथल्या दालेम भागात कैसर विल्हेल्म सोसायटीने मानवशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजाशास्त्र यांसाठी एक संस्था उभारली होती. नवी इमारत, नवी उपकरणं आणि प्रमुखपदी जगभर नाव झालेला शास्त्रज्ञ, ऑयगेन फिशर. आज आपण गाईड निवडताना जे जे बघतो ते सगळं तिथे होतं. नाव मोठं, संस्था मोठी, प्रयोगशाळा सुसज्ज. कागदावर बघितलं तर याहून चांगला गाईड मिळणं अवघड.

पण फिशर यांचं नाव कशावर मोठं झालं होतं तेही बघायला हवं. १९०८ साली ते तेव्हाच्या जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात गेले होते. तिथे रेहोबोथ इथे राहणाऱ्या, गोरे पुरुष आणि स्थानिक स्त्रिया यांच्या संततीची त्यांनी मोजमापं घेतली आणि १९१३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. वंशांची सरमिसळ घातक असते, आणि गोऱ्यांचा वंश वरचढ असतो, ही त्या पुस्तकाची दिशा. सुप्रजाशास्त्राच्या वर्तुळात त्या पुस्तकाने त्यांना मान मिळवून दिला. पुढे नाझींच्या वंशविषयक विचारांना याच लिखाणाने बळ दिलं. १९३३ साली हिटलर सत्तेवर आल्यावर फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. १९३७ साली ऱ्हाइन प्रदेशातल्या, आफ्रिकी वंशाचे वडील असलेल्या जर्मन मुलांची गुपचूप नसबंदी करण्यात आली, त्यातही त्यांचा सहभाग होता. त्यांच्यानंतर त्या संस्थेचे प्रमुख झालेले फर्शुअर हे आउश्वित्झच्या मेंगेलेचे गुरू.

हे सगळं नंतरचं. १९२८ साली पुण्याहून आलेल्या तेवीस वर्षांच्या विद्यार्थिनीला ते भविष्य दिसणं शक्य नव्हतं. पण हवा कुठल्या दिशेने वाहतेय ते दिसत होतं. त्या बर्लिनमध्ये असतानाच १९२९ ची जागतिक मंदी आली, कारखाने बंद पडू लागले, आणि सप्टेंबर १९३० च्या निवडणुकीत नाझी पक्षाच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या. ज्या विचारांचा त्या प्रयोगशाळेत अभ्यास करत होत्या, तेच विचार बाहेर रस्त्यावर झेंडे घेऊन फिरायला लागले होते.

प्रबंधाचा विषय ठरला तो कवट्यांचा. माणसाची कवटी डावीकडून आणि उजवीकडून तंतोतंत सारखी नसते. थोडा फार फरक प्रत्येकीत असतोच. हा फरक वंशाप्रमाणे बदलतो का, हा प्रश्न होता. फिशर यांची अपेक्षा अशी की युरोपियन माणसाच्या कवटीत हा फरक जास्त दिसेल आणि त्याचा संबंध त्याच्या तर्कबुद्धीशी जोडता येईल. म्हणजे गोरा माणूस जास्त विचारी का, याचं उत्तर हाडात सापडेल. गाईडने प्रश्न दिला होता आणि उत्तरही जवळजवळ देऊन ठेवलं होतं. विद्यार्थिनीने आकडे भरायचे एवढंच बाकी होतं.

हे काम कसं चालतं याची थोडी कल्पना द्यायला हवी. कवटी हातात घ्यायची. कपाळ, भुवईचं हाड, गालाचं हाड, कानामागचा उंचवटा, अशा ठरलेल्या बिंदूंमधली अंतरं दोन्ही बाजूंनी मोजायची. मिलिमीटरचा फरकही सोडायचा नाही. वहीत नोंद करायची, पुढची कवटी घ्यायची. अशा १४९ कवट्या इरावतीबाईंनी मोजल्या. काही युरोपियनांच्या, काही आफ्रिकेसारख्या वसाहतींतून जर्मनीत आणलेल्या. वसाहतींतल्या या कवट्या तिथवर कशा पोचल्या असतील याचा विचार केला की अंगावर काटा येतो. मरणानंतर ज्यांना माती मिळाली नाही, ज्यांच्यासाठी कुणी प्रार्थना म्हटली नाही, ज्यांच्या नावाऐवजी एक क्रमांक लिहिलेला, अशी ती माणसं. पुण्याची एक मुलगी परक्या शहरात, परक्या भाषेत, महिनोन्‌महिने त्यांच्यात बसून काम करत होती.

मोजणी संपली. आकडे मांडले. कवटीच्या दोन बाजूंत फरक असतो हे खरं निघालं, पण तो सगळ्याच माणसांत असतो. वंशाशी त्याचा संबंध दिसला नाही. गोऱ्यांच्या कवटीत खास असं काही नव्हतं. गाईडला जे हवं होतं ते आकड्यांत नव्हतं, आणि इरावतीबाईंनी ते नाही असंच लिहून दिलं.

हे वाचताना मी खूप वेळ थांबले. कारण हे वाटतं तेवढं सोपं नाही. इरावतीबाईंची बाजू बघा. डोक्यावर कर्ज. सासऱ्यांचा विरोध मोडून आलेल्या. हातात दोनच वर्षं. त्या परकी बाई, गुलाम देशातून आलेल्या, आणि गाईड त्या शास्त्रातला सर्वात वजनदार माणूस. मोजणीत थोडा हात सैल सोडला असता, दोनचार कवट्या उदाहरणाला म्हणून पुढे मागे केल्या असत्या, शेवटच्या प्रकरणात एखादं गोलमाल वाक्य टाकलं असतं, तर कुणाला कळलं नसतं. पदवी थाटात मिळाली असती, शिफारसपत्र मिळालं असतं. त्यांनी तसं केलं नाही. पदवी मिळाली, पण श्रेणी सगळ्यात खालची मिळाली, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. प्रबंध १९३१ साली प्रसिद्ध झाला.

मग फिशर हे वाईट गाईड होते का? माणूस म्हणून आणि शास्त्रज्ञ म्हणून त्यांनी पुढे जे केलं त्याला माफी नाही. पण गाईड म्हणून विचार केला तर एक विचित्र गोष्ट समोर येते. कवटी कशी मोजायची हे त्यांच्याच संस्थेत शिकता आलं. बिंदू कसे ठरवायचे, एकच माप पुन्हा पुन्हा घेऊन कसं पडताळायचं, नोंद कशी ठेवायची, हे सगळं तिथलंच. आणि त्याच पद्धतीने त्यांच्या गृहीतकाला खोटं ठरवलं. पद्धत खरी असली तर ती शिकवणाऱ्याच्या विरुद्धही चालते. गाईडकडून घ्यायची असते ती पद्धत. निष्कर्ष त्याच्याकडून उसना घ्यायचा नसतो. इरावतीबाईंच्या या दोन वर्षांतून मला जे कळलं ते एवढंच.

हा फरक त्यांनी पहिल्या गाईडच्या बाबतीतही ठेवला. भारतात आल्यावर त्यांना लगेच मनासारखं काम मिळालं नाही. १९३१ ते १९३६ त्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात रजिस्ट्रार होत्या, म्हणजे सासऱ्यांनीच काढलेल्या विद्यापीठात कचेरीचं काम. १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्राच्या रीडर म्हणून जागा मिळाली आणि तिथून पुढे ३० वर्षं त्यांचं खरं काम झालं. गावोगाव हिंडणं, माणसांची मोजमापं, नात्यांचे शब्द गोळा करणं, ओव्या ऐकणं, सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणजला अश्मयुगीन माणसांचे सांगाडे शोधणं. १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांच्या रचनेवरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ आला. १९५१ सालचं ‘मराठी लोकांची संस्कृती’ आपल्या ग्रंथालयात असायलाच हवं.

या सगळ्या फिरतीतून त्यांचं जातीबद्दलचं मत तयार झालं, आणि ते घुर्यांच्या मतापेक्षा वेगळं होतं. जातिव्यवस्था आर्यांच्या वर्णव्यवस्थेतून आणि ब्राह्मणी विचारातून पसरली, एकाचे तुकडे होत गेले आणि जाती वाढत गेल्या, हा घुर्यांचा सर्वसाधारण रोख. इरावतीबाईंनी कुंभारांचं उदाहरण पुढे ठेवलं. महाराष्ट्रात कुंभार म्हणून एक जात नाही. कुंभारांच्या अनेक जाती आहेत. धंदा एक, पण चाक वापरायची रीत वेगळी, आणि एकमेकांत लग्नं होत नाहीत. एका मूळ जातीचे हे तुकडे असते तर त्यांच्यात काही समान धागा दिसला असता. त्यापेक्षा वेगवेगळ्या ठिकाणचे वेगवेगळे समूह शेजारी येऊन बसले आणि धंद्यामुळे एका नावाखाली मोजले गेले, असं म्हणणं त्यांना जास्त पटलं. १९६१ साली हिंदू समाजाच्या मांडणीवरच्या पुस्तकात त्यांनी हे मांडलं. १९६८ साली कैलाश मल्होत्रा यांच्याबरोबर ब्राह्मणांमधल्या आठ पोटसमूहांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही हीच तपासणी होती. नाव एक म्हणून माणसं एक, असं धरून चालायचं नाही.

म्हणजे बर्लिनच्या गाईडशी मतभेद झाला तो कवट्यांवरून, आणि मुंबईच्या गाईडशी झाला तो मडक्यांवरून. दोन्ही वेळेला त्यांनी आवाज चढवला नाही, पुरावा मांडला. घुर्यांशी त्यांचा मतभेद हा एका घरातला मतभेद होता. फिशर यांच्याशी होता तो माणसाला माणूस मानायचं की नाही याचा होता. दोन्ही एका तागडीत घालता येणार नाहीत. पण पद्धत तीच.

इथे एक गोष्ट लपवणं बरोबर होणार नाही. फिशर यांचा निष्कर्ष नाकारला तरी त्यांचं मोजमापाचं शास्त्र इरावतीबाईंनी टाकून दिलं नाही. डोक्याची, नाकाची मापं, रक्तगट यांवरून जातीजातींमधला फरक शोधणं त्यांनी पुढे अनेक वर्षं चालू ठेवलं. जगभरातलं मानवशास्त्र त्या वाटेवरून दूर गेलं तरी त्यांचं हे काम थांबलं नाही, आणि नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर टीका केली आहे. ती टीका मला पटते. गाईडची सावली लांब पडते. ज्याच्याविरुद्ध आपण उभे राहिलो, त्याची हत्यारं नकळत आपल्याच हातात राहतात. म्हणून गाईड निवडताना तो कोणती हत्यारं देणार आहे हेही बघायला हवं. ती आयुष्यभर वापरावी लागतात.

हा विषय मला दूरचा वाटत नाही. आम्हा गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांत जात नाही असं बाहेरच्यांना वाटतं. पण लग्न जमवायच्या वेळी बामण, चारडो, सुदीर हे शब्द हळू आवाजात का होईना, घराघरात निघतात. बाप्तिस्मा होऊन चारशे वर्षं झाली तरी निघतात. आणि ते निघाले की कुणीतरी वर्ण, नाक, चेहरेपट्टी यांवर बोलतंच. १४९ कवट्यांत जे सापडलं नाही, ते आमच्या मावश्यांना एका फोटोत सापडतं.

मला स्वतःला पुढे फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’वर काम करायचं आहे. १६१६ साली रायतूरला ते छापलं गेलं, रोमन लिपीत, पण भाषा मराठी आणि छंद ओवीचा. त्या छापील आवृत्तीची प्रत आज मिळत नाही, हस्तलिखितांवरच भिस्त. या विषयासाठी गाईड कोण असावा, यावर आत्तापासून प्रत्येकाचं मत तयार आहे. कुणी म्हणतं एखादे पाद्री बघ, त्यांना धर्मशास्त्र माहीत असतं. कुणी म्हणतं संतसाहित्याचे जाणकार बघ, म्हणजे एकनाथांशी तुलना करता येईल. एका अनुभवी प्राध्यापकांनी तर भेट व्हायच्या आधीच शेवटचं प्रकरण काय असेल ते सांगून टाकलं. स्टीफन्स यांनी मराठीची सेवा कशी केली, एवढंच त्यात यायला हवं होतं. सेवा केली हे मलाही मान्य आहे. पण धर्मांतराच्या काळात, इन्क्विझिशनच्या गोव्यात हे पुराण कुणाला ऐकवलं जात होतं, हेही विचारावं लागेल. ते विचारल्यावर काय निघेल ते आज मला माहीत नाही. आधीच माहीत असतं तर तीन-चार वर्षं घालवायची गरज काय?

आपल्याच घरातल्या गोष्टीवर काम करताना दोन बाजूंनी ओढ लागते. घरचे म्हणतात चांगलंच लिही. बाहेरचे म्हणतात वाईटच लिही. चित्पावनांवर लिहिताना इरावतीबाईंनाही ही ओढ लागली असणार. अशा वेळी जुनी ओवी कशी वाचायची, दोन हस्तलिखितांतला पाठभेद कसा ठरवायचा, रोमन लिपीतल्या मराठीचा उच्चार कसा लावायचा, हे शिकवणारा गाईड मला हवा. तो कुठल्या धर्माचा आहे, कुठल्या गटाचा आहे, याने फारसा फरक पडू नये. पण हे शिकवल्यावर माझ्या वाचनातून जे निघेल ते लिहू देण्याची त्याची तयारी हवी. हे भेटण्याआधी कसं कळणार? थोडं कळतं. त्यांच्या हाताखाली झालेले आधीचे प्रबंध ग्रंथालयात जाऊन वाचायचे. सगळ्या प्रबंधांचे निष्कर्ष गाईडच्या पुस्तकासारखेच निघत असतील तर समजून जायचं. एखादा विद्यार्थी गाईडच्या मताला धक्का देऊन गेलेला असेल आणि तरी त्याला पदवी मिळालेली असेल, तर ते दार ठोठवायला हरकत नाही.

‘परिपूर्ती’ हा इरावतीबाईंचा लेख आपल्यापैकी अनेकांनी शाळेत किंवा कॉलेजात वाचलेला असेल. सभेत त्यांची ओळख करून दिली जाते ती अमक्यांची मुलगी, अमक्यांची सून, अमक्यांची बायको अशी. काहीतरी राहून गेल्यासारखं त्यांना वाटत राहतं, आणि मग रस्त्यावरची मुलं त्यांना आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई म्हणून ओळखतात, तेव्हा ती ओळख पुरी होते. फार हसऱ्या मनाने लिहिलेला लेख आहे. संशोधनाच्या जगातही माणसाची ओळख अशीच होते. परिषदेत पहिला प्रश्न येतो तो कुणाकडे करताय हा. अमक्यांची विद्यार्थिनी. इरावतीबाई घुर्यांच्या विद्यार्थिनी होत्या आणि फिशर यांच्याही. दोन्ही ओळखी खऱ्या. पण ११ ऑगस्ट १९७० रोजी त्या गेल्या, त्याच्या कितीतरी आधी त्यांची ओळख त्या दोघांच्या नावांशिवाय पुरी झाली होती. पुण्यात स्कूटर चालवणारी बाई, वारीत पायी चालणारी अभ्यासक, ‘युगान्त’ची लेखिका, गौरी देशपांडे आणि जाई निंबकर यांची आई.

त्यांच्या दोन्ही गाईडना आज आपण आठवतो ते वेगवेगळ्या कारणांनी. घुर्यांचं नाव समाजशास्त्राच्या प्रत्येक अभ्यासक्रमात आदराने येतं. फिशर यांचं नाव विज्ञान कुठवर घसरू शकतं याचा दाखला म्हणून येतं. त्याच फिशर यांच्या हाताखाली, त्याच इमारतीत तयार झालेला एक प्रबंध मात्र त्यांच्याविरुद्ध साक्ष देत उभा आहे. खालची श्रेणी मिळालेला तो प्रबंध एका मराठी मुलीने जर्मन भाषेत लिहिलेला आहे. पुढच्या वर्षी गाईडच्या दारात उभी राहीन तेव्हा जागा आहे का हे विचारावं लागेलच, नियम तसे आहेत. त्याआधी दुसरा एक प्रश्न विचारायचं मी ठरवलं आहे. माझं मोजमाप तुमच्या म्हणण्याविरुद्ध गेलं, तर तुम्ही काय कराल? उत्तर काय येतं ते ऐकून मग विषयाचा कागद पुढे करायचा.